विसळलेला कॅन

दाभाडे सर,

तुम्ही गेल्याचं तुमच्या मुलाच्या ईमेलमधून कळलं. तो वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं ते आधीच सांगून टाकते, कारण लपवाछपवी बरीच झाली. मला सुटल्यासारखं वाटलं. रडू आलं ते दुसऱ्या दिवशी, बाटल्यांचा कचरा टाकायला खाली गेले तेव्हा, आणि तेही फार नाही.

सुटले अशासाठी, की आता तुमचा ईमेल येणार नाही. तीन हिवाळे झाले, दर दोन-तीन आठवड्यांनी तुमचा एकच प्रश्न: 'वृंदाबाई, त्या दिवशी पाणी आलं कुठून?' उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाणी माझ्या हातून आलं होतं. मी ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि तुम्ही विचारायचं थांबला नाहीत.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची रीत आहे. तुम्ही समोर बसलेल्या जिवंत माणसांबद्दलसुद्धा कधी चांगलं बोलला नाहीत, तेव्हा ही सवलत तुम्हाला द्यावी असं मला वाटत नाही. तुम्हालाही ती आवडली नसती. 'पाणी घालू नका' म्हणाला असतात.

टोकियोच्या बँकांना तेव्हा भारतातले कॉम्प्युटरवाले हवे होते, त्यांतलाच एक माझा नवरा सुहास. नवी फास्ट ट्रेन सुरू झाली होती म्हणून आम्ही टोकियोबाहेर त्सुकुबात राहायला आलो. तो सकाळी टोकियोला जायचा, आणि मी आमच्या लेकीला, ईराला, पाळणाघरात सोडून सायकलवरून तुमच्या लॅबमध्ये बाइतोला यायचे. बाइतो म्हणजे तासावरचं काम. बाटल्यांना लेबलं लावायची, आकडे एक्सेलमध्ये भरायचे, जपानी कागदांचं इंग्रजी करायचं, आणि सकाळी सगळ्यांचा चहा करून नंतर कप विसळायचे. तुम्ही सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत उभं आयुष्य काढून दोन वर्षांसाठी इथे आला होता. ओकिनावाच्या उसाच्या मळीपासून अल्कोहोल काढायचं, ते पूर्ण कोरडं करायचं, म्हणजे त्यातलं सगळं पाणी काढायचं, पेट्रोलमध्ये शंभरात तीन भाग मिसळायचं आणि त्यावर गाडी चालवून दाखवायची, हे तुमचं काम. तीनच्या वर मिसळायला इथला कायदा परवानगी देत नव्हता. तुम्हाला त्याचा भारी राग. 'तीन टक्के म्हणजे काय ओ, एवढी घेतली तर आमच्याकडे हवालदारसुद्धा गाडी अडवत नाही.'

मी मराठी आहे हे कळल्यावर तुम्ही काय बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतं.

'एम.एस्सी.? पुण्याची?'

'हो सर. ऑरगॅनिक.'

'आणि कप विसळताय.'

मी हसले.

'हसू नका. नवरा टोकियोत बटणं दाबतोय, बायको त्सुकुबात कप विसळतीय. चांगला चाललाय की संसार.'

आजूबाजूचे सगळे जपानी कौतुकाने हसले. आपल्या भाषेचं माणूस भेटलं म्हणून दाबादे-सान काहीतरी मायेचं बोलत असतील, असं त्यांना वाटलं.

मग ते रोजचं झालं. लेबल जरा तिरकं लागलं की तुम्ही ते सोलून माझ्या बाहीवर चिकटवायचात. आकडा चुकला की, 'तुमच्या आयटीत बरं आहे, चुकलं की मशीन बंद करून परत सुरू. मळी परत सुरू होत नाही, बाईसाहेब. एकदा आंबली की टाकून द्यायची.' आयटीत सुहास होता, मी नव्हते, पण तुम्हाला त्याचं काय. एकदा आमचे लॅबप्रमुख मोरिता-सान समोर असताना तुम्ही माझी वही मागून घेतलीत, पानभर लाल पेन चालवलंत आणि ती चहाच्या ट्रेमध्ये, कपांच्या मधोमध ठेवून परत दिलीत. मी घरी जाताना सायकलवर रडायचे. समोरून वारा असला की डोळ्यांतल्या पाण्याचा कुणाला संशय येत नाही.

आणि शिकवलंत ते तुम्हीच, हेही खरं आहे. पुण्यात पाच वर्षं जे कुणी हातात दिलं नाही ते तुम्ही दिलंत. आंबवणाच्या टाकीचं झाकण काढून माझी मान वाकवायचात. 'हुंगा. भाकरीच्या पिठासारखा वास आला तर चांगलं. आंबूस आला तर बॅक्टेरिया शिरले. पुस्तक मागनं उघडा.' आज मी दारातूनच सांगू शकते टाकी कशी आहे ते. नवी पोरं मला घाबरतात, आणि मला ते आवडतं. हेसुद्धा तुमच्याकडूनच घेतलंय.

आणि ती टेस्ट ट्यूब. तुम्ही तिच्यात पेट्रोल घेतलंत, अल्कोहोल घातलंत, हलवलंत. स्वच्छ, एकजीव. 'बघा, किती गुण्यागोविंदानं नांदतायत.' मग ड्रॉपरने पाण्याचे दोन थेंब सोडलेत. ट्यूब धुरकट झाली आणि तळाशी एक वेगळा थर येऊन बसला. 'गेलं माहेरी. पाणी दिसलं की अल्कोहोल पेट्रोलला टाकून त्याच्याकडे पळतं. तीन टक्क्यांत तर संसार फारच नाजूक, आणि थंडीत त्याहून. वीस लिटरच्या कॅनला अर्धी वाटी पाणी पुष्कळ झालं. तो खालचा थर पंपानं ओढला की गाडी खल्लास.' दूध फाटतं तसं तुम्ही याला 'फाटलं' म्हणायचात. पुढे मोरिता-सानसुद्धा 'फाटला' म्हणायला लागले.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणून झालं, ही पळवाटही तुम्ही मला ठेवली नाहीत.

एका रविवारी तुम्ही आमच्या घरी आलात, सायकलच्या टोपलीत सोया सॉसच्या बाटलीत भरलेली काकवी घेऊन. ओकिनावाचा ऊस लॅबच्या चरकात पिळून, रस तुमच्या खोलीतल्या एका शेगडीवर दिवसभर आटवला होता. ईराने बोट चाटलं आणि म्हणाली, 'ओइशी.' ओइशी म्हणजे चविष्ट; तुम्हाला जपानीतले पाच-सहा शब्द येत असतील, त्यांत हा होता. तुमचा चेहरा असा काही झाला की मी सुहासकडे बघितलं आणि त्याने माझ्याकडे. मग तुम्ही म्हणालात, 'या घरात एवढी एकच बाई अक्कल असलेली दिसते.' तुम्हाला धड अर्धा दिवससुद्धा चांगलं राहता यायचं नाही.

तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत शहराच्या कचेरीतले लोक गाडी बघायला येणार होते. त्यांना पटलं असतं तर त्यांच्या लहान पांढऱ्या गाड्या तुमच्या इंधनावर चालल्या असत्या, आणि तुम्हाला तिसरं वर्ष मिळालं असतं. त्याच आठवड्यात मोरिता-सान मला कायम करायचं की नाही ते ठरवणार होते. तुम्ही पत्र्याचा नवा लाल कॅन आणलात. आदल्या दिवशी आतून फडकं फिरवून, टॉर्च मारून बघितलात, बूच लावलंत आणि मला म्हणालात, 'उद्या सकाळी हा बाहेर काढून ठेवा. फक्त काढून ठेवा.'

सकाळी मी कप विसळत होते. ते झाले. शेजारी नवा कॅन होता, बूच काढल्यावर तेलकट दुकानी वास येत होता, आणि पाहुणे येणार होते. आमच्या घरात नवं भांडं विसळल्याशिवाय कुणी वापरत नाही, आहेरात आलेला पेलासुद्धा. इकडे आल्यापासून हातांना आणखी एक वळण लागलं होतं. बाटली असो, डबा असो, कचऱ्यात टाकायचा तरी विसळून टाकायचा, नाहीतर शेजारीण दारात आणून ठेवते. दोन देशांनी मिळून माझ्या हातांना एकच गोष्ट पक्की शिकवली होती. मी कॅन नळाखाली धरला, दोनदा खळखळवला, जेमतेम मिनिटभर उपडा घातला, बाहेरून पुसून लख्ख केला आणि ठेवला. डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. तुम्ही आलात. काल स्वतः पाहिलेल्या कॅनमध्ये आज पुन्हा डोकवायचं तुम्हाला कारण नव्हतं. तुम्ही त्यात वीस लिटर इंधन भरलंत आणि ते गाडीच्या टाकीत ओतलंत.

पहिली फेरी छान झाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीत गाडीला ठसका लागला आणि ती बरोबर पाहुण्यांच्या समोर, झेब्रा क्रॉसिंगवर थांबली. तुम्ही सूट आणि लोकरीची टोपी घालून इतरांबरोबर ती ढकललीत. मग टाकीच्या तळातून बाटलीत नमुना काढलात आणि आकाशाकडे धरलात. दोन थर. 'फाटलं,' एवढंच म्हणालात.

त्या क्षणी मला नळ आठवला. घाबरले, हे खरं. पण तुमचा चेहरा पाहून मला आनंद झाला, हेही तितकंच खरं, आणि आज तुमच्यापुढे मी दोन्ही ठेवते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच चार लोकांसमोर चुकीच्या जागी तुम्ही उभे होतात आणि मी नव्हते.

पाणी अल्कोहोलमध्येच राहिलं असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. कोरडं करायचं काम तुमचं. 'माझं अल्कोहोल कोरडं होतं,' तुम्ही आठ दिवस सांगत राहिलात. कॅनबद्दल कुणी विचारलं नाही. इंधनाचा कॅन कुणी नळाखाली धरेल हे त्या लॅबमध्ये कुणाच्या मनातच येऊ शकत नव्हतं. तुमच्याही नाही, कारण तुम्ही मला ती टेस्ट ट्यूब दाखवली होती.

इथे चूक झाली की शिमात्सुशो लिहून द्यावा लागतो. काय झालं, का झालं, माफ करा, असा सहीशिक्क्याचा कागद. तुम्हाला जपानी येत नव्हतं. तो मी लिहिला.

'लिहा,' तुम्ही सांगितलंत. 'अल्कोहोल कोरडं करताना माझ्याकडून काही राहून गेलं असण्याची शक्यता आहे.'

'सर, शक्यता वगैरे इथे चालत नाही. स्ट्रेट कबुली लागते.'

'न केलेल्याची?'

'मोरिता-सान परत पाठवतील.'

तुम्ही बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतात. मी पेन धरून बसले होते. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं.

'लिहा मग,' तुम्ही म्हणालात. 'चूक माझी.'

मी दोनदा कच्चं लिहिलं आणि मग सुंदर अक्षरात पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर कमरेत वाकून माफी मागितलीत. मी मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होते. वाकताना तुमची टोपी खाली पडली, ती मी उचलून दिली. तुम्ही 'थँक्यू' म्हणालात. त्याआधी कधी म्हटलं नव्हतंत.

तिसरं वर्ष मिळालं नाही. विमानतळाच्या बसला वेळ होता, तुमच्याबरोबर मी एकटीच थांबले होते. तुम्ही म्हणालात, 'बाईसाहेब, जपानी तुमचं झकास आहे. माफी अशी लिहिलीत की मलाच वाटाय लागलंय, चूक माझीच असंल.' ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, 'सर, टोपी कानावर ओढून घ्या, वारं आहे.' बस आली.

मला कायम केलं. का, ते मोरिता-साननी वर्षाने सांगितलं. जाताना तुम्ही त्यांना तुमच्या मोडक्या इंग्रजीत सांगून गेला होता, की हिला ठेवा, तोंड फटकळ आहे पण नाक चांगलं आहे आणि हात स्वच्छ आहे.

मग ईमेल सुरू झाले. तासगावला तुमच्या मित्राचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं, तिथे तुम्ही त्सुकुबाची थंडी तयार केलीत. 'आठ बाटल्या ठेवल्या. फाटत नाही.' 'आज जुन्या अल्कोहोलनं केलं. फाटत नाही.' 'त्या दिवशी सकाळी तिथं तापमान किती होतं? कळवा.' मी कळवलं. शोधून, तासातासाचं, आलेख काढून कळवलं. एकदा तुम्ही विचारलंत, अल्कोहोलमधलं पाणी शोषून घेणारे ते मणी जुने झाले असतील का? मी उत्तर दिलं, 'शक्यता आहे, सर.' तुम्हाला न दिलेली शक्यता मी अशी वापरली.

सुहासला सगळं माहीत होतं. तो म्हणायचा, 'एक मेल टाक आणि संपव ना. ओरडून ओरडून किती ओरडतील? फार तर एक दिवस.'

'टाकते.'

'दोन वर्षं ऐकतोय.'

आधी नोकरीची भीती होती. मग तुमच्या जिभेची. ही कारणं मी सुहासला सांगायचे. तिसरं त्याला सांगितलं नाही. माझ्या वहीवर लाल पेन फिरवणारा माणूस आता दर पंधरा दिवसांनी मला विचारत होता, आणि उत्तर माझ्या मुठीत होतं. मला त्याची चटक लागली होती, सर. म्हातारपणी तुम्ही स्वतःच्या हातावरचा विश्वास घालवून बसलात आणि मी ते आलेख जोडून बघत राहिले.

तुमचा शेवटचा मेल दोन ओळींचा होता. 'थंडी कशी आहे? ईरा काय म्हणते?' पाण्याचा प्रश्न नव्हता. मला वाटलं, दमले एकदाचे. मी उत्तर दिलं नाही.

मुलाने तुमच्या वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवलाय. लिहितो, 'यात तुमचं नाव आहे म्हणून पाठवतो. आम्हाला अर्थ लागला नाही.' तुमचं तेच किरटं अक्षर. 'आज हिने रिकाम्या बाटल्या न विचारता विसळून उपड्या घातल्या. मी तशाच भरल्या. सकाळी फाटलेलं.' एक ओळ सोडून: 'वृंदाबाई. कप.' आणि त्याखाली, दोन रेघा मारून: 'कळवायचं नाही.' त्या थंडीची चौकशी करणाऱ्या मेलच्या आदल्या दिवशीचं पान आहे ते.

ही दया होती की शिक्षा, हे मी गेले कित्येक दिवस ठरवतेय. तुम्ही कुणाचं तिरकं लेबल सोडलं नाहीत, आणि माझी एवढी मोठी चूक हातात आल्यावर लाल पेन खाली ठेवलंत. मला वाचवायला म्हणावं, तर तो तुमचा स्वभाव नव्हता. मला सडू द्यायला म्हणावं, तर मग ईराची चौकशी कशाला केलीत? तुमच्याशी भांडून विचारायचं होतं. तेवढ्यासाठी तरी थांबायचं होतं.

मी शिमात्सुशो लिहिला. माझ्या नावाचा, तितक्याच सुंदर अक्षरात, आणि मोरिता-सानच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, 'दाबादे-सानचा कागद फाइलमध्ये आहे. तो प्रकल्प बंद झाला. एका चुकीच्या दोन माफ्या ठेवायला जागा नाही.' आणि दोन्ही हातांनी, अदबीने, मला तो परत दिला. वर म्हणाले, माझं जपानी तेव्हापेक्षा पुष्कळ सुधारलंय.

म्हणजे त्या फाइलमध्ये चूक तुमचीच राहणार. तिथे मला काही करता येत नाही. तुमच्या मुलाला मात्र हे सगळं आज पाठवतेय, तुमची ती दोन रेघांची आज्ञा मोडून. आपले वडील कोरडं अल्कोहोल करायचे, हे त्याला माहीत असायला हवं. तो मला काय म्हणायचं ते म्हणेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं तुम्हालाच देते. तुम्ही ते शोधून काढलंत, तरी ते माझ्या तोंडून यायला हवं होतं, आणि बसथांब्यावर त्याला पुष्कळ वेळ होता.

सर, त्या दिवशी सकाळी कॅन मी विसळला होता.